वल्लरीचं वजन

विश्वास आठल्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत तो मोजमापाची उपकरणं तयार करायचा आणि संध्याकाळी घरी आला की स्वतःच्या मुलीला मोजायचा. हे मी गमतीने म्हणत नाही. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा त्याने प्रयोगशाळेतून मोडीत काढलेला एक तराजू दुरुस्त करून घरी आणला आणि स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी मांडला. रोज सव्वासहाला वल्लरीचे कपडे उतरवून तिला त्यावर बसवायचं आणि आकडा आलेखाच्या कागदावर टिपायचा. ताप, शी, दूध, वरणभाताचे चमचे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. वजन हिरवं, शी तपकिरी. माणूस कलाकारच होता.

वल्लरीची आई अपूर्वा अंबाजोगाईची. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेली. लग्न होऊन चंदीगडला आली तेव्हा दोन-दोन पायऱ्या चढून वर जायची, आणि जाता जाता आमच्या दारात थांबून, "काकू, ह्यांच्याकडे शेंगदाण्याला मूंगफली म्हणतात होय?" असं काहीतरी विचारून स्वतःच हसायची. मला ती काकू म्हणायची आणि मला ते आवडायचं नाही, कारण माझं वय तेव्हा बेचाळीस होतं. पण ते असो.

आम्ही साताऱ्याचे. माझा नवरा सदाशिव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचा, मी एका शाळेत जीवशास्त्र. चंदीगडला आम्हाला अठरा वर्षं झालेली, त्यामुळे नवीन आलेल्या मराठी बायका सगळं मला विचारायच्या. भाकरीचं पीठ कुठे दळून मिळतं, मोलकरणीशी हिंदीत भांडायचं कसं, सगळं. सल्ला द्यायला मी एका पायावर तयार. सल्ला देणाऱ्यांबद्दल पुढे मी बरंच वाईट बोलणार आहे, तेव्हा त्यांच्यात पहिला नंबर माझा होता हे आधीच सांगून टाकते.

वल्लरी बारीक होती. मुळातच लहान चणीची, पण चपळ. दहाव्या महिन्यात उभी राहिली, बाराव्यात चालायला लागली, आणि मला बघितलं की पद्मिनीचं "पद्दी" करून ओरडायची. आजारी कधी नाही, दोन-चार सर्द्या सोडल्या तर. पण हिरवी रेघ काही विश्वासच्या मनाप्रमाणे वर जाईना. दर रविवारी सकाळी पुण्याहून त्याच्या आईचा फोन यायचा. "वजन किती?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, "अजून तेवढंच?" तिसरा प्रश्न नसायचाच. "अपूर्वा कशी आहे?" हा प्रश्न त्या दीड वर्षात त्या बाईंनी एकदाही विचारला नाही. विश्वासनेही नाही. तिच्यासाठी त्याच्याकडे रंग उरला नसावा.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला अपूर्वा मुलीला घेऊन आली की बायका तिच्याभोवती जमायच्या. "अगं, काय हे, नुसत्या काटक्या!" "तुझंच दूध कमी पडलं बघ." "बदाम उगाळून घालतेस का?" "रोज एक केळं, पक्का सांगते, महिन्यात गाल येतात." एका कर्नलसाहेबांच्या पत्नी सुनेत्राबाई मंडळाच्या चिटणीस. त्या तर मुलीचा दंड दोन बोटांत धरून बघायच्या, भाजीवाल्याकडे दोडका बघावा तशा. मीही एकदा म्हणाले होते, "अपूर्वा, हिच्या अंगाला काही लागतच नाही गं." बोलून मी कचोरी घेतली.

ती हसायची. मग हसेनाशी झाली. जिना चढताना कठड्याला धरायला लागली. दारात थांबणं बंद झालं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही काकू, झोप होत नाही." मी म्हणाले, "पहिल्या मुलाला सगळ्यांचं असंच असतं. मी तर परीक्षेचे पेपर तपासत दोन वाढवले." आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मंडळाचे अध्यक्ष तेव्हा गुरुनाथ देसाई होते. चंदीगडजवळच्या डेराबस्सीतल्या एका औषधाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी कुठलीतरी पावडर पिऊन कुठलातरी मुलगा उंच होत होता, आणि ते बघून चंदीगडमधल्या प्रत्येक आईला आपलं मूल बुटकं वाटायला लागलं होतं. देसाईंच्या कारखान्यानेही भूक वाढवणारं एक टॉनिक काढलं. नारिंगी रंगाचं, खोक्यावर गुबगुबीत गोरं बाळ. गणेशोत्सवात सुदृढ बालक स्पर्धा घ्यायची आणि कारखान्याने बक्षिसं द्यायची, असं देसाईंनी ठरवलं. स्पर्धेच्या महिनाभर आधीच टॉनिकच्या बाटल्या घरोघर फुकट वाटल्या. परीक्षक म्हणून जीवशास्त्राची बाई हवी, म्हणून मी.

आणि वल्लरीचं नाव स्पर्धेत मीच घातलं. अपूर्वाला न विचारता. त्या निमित्ताने तिला जरा हुरूप येईल, असा माझा विचार. तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "स्टेजवर वजन करणार?" मी म्हणाले, "त्यात काय एवढं? मजा असते."

स्पर्धेच्या आधीच्या मंगळवारी शाळा लवकर सुटली होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास दारावर थापा. घंटी असून थापा. उघडलं तर अपूर्वा, अनवाणी, आणि खांद्यावर वल्लरी. मुलीचे दोन्ही हात खाली लोंबत होते.

"काकू, ही उठत नाही."

मी मुलीला घेतलं. श्वास चालू होता, पण गाल लालबुंद, ओठ कोरडे, आणि पापण्या उचलल्या तरी नजर लागेना. "काय दिलंस तिला?"

"टॉनिक."

"किती?"

"सकाळी चमचा दिला. तिने भात थुंकला. मग परत दिला. मग परत थुंकला." ती पाठ केलेलं म्हणावं तशी बोलत होती. "रविवारी स्पर्धा आहे ना काकू. पाच दिवस राहिले. मी मोजलं नाही. मोजायला पाहिजे होतं."

आमची मारुती खाली होती. मोठ्या सरकारी इस्पितळात कशी पोचले ते मला आठवत नाही. बाटली मात्र बरोबर घेतली होती. निघताना समोरच्या बाईंना ओरडून सांगितलं, की आठल्येंना प्रयोगशाळेत फोन करा.

मुलांच्या तातडीच्या विभागात डॉक्टर ग्रेवाल नावाची एक तरुण सरदारीण होती. उंच, केस घट्ट बांधलेले, पायात स्पोर्ट्स शूज. तिने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, तोंडातल्या तोंडात पंजाबीत एक शब्द उच्चारला, आणि कामाला लागली. वल्लरीला नळी लावली, छातीवर तारा चिकटवल्या. नंतर आम्हाला सांगितलं, की ह्यातलं औषध खरं तर ॲलर्जीचं. भूक लागते म्हणून देतात, पण मुलाला गुंगी येते, आणि जास्त झालं तर हे असं होतं. "उठ जाएगी. वक्त लगेगा. रात भर देखेंगे."

विश्वास तासाभराने आला. प्रयोगशाळेपासून इस्पितळ वीस मिनिटांवर. मधली चाळीस मिनिटं कुठे गेली ते त्याच्या हातात दिसत होतं. तो आधी घरी जाऊन आलेखांची फाईल घेऊन आला होता.

"डॉक्टर," तो इंग्रजीत म्हणाला, "माझ्याकडे सहाव्या महिन्यापासूनचा संपूर्ण डेटा आहे."

ग्रेवालने फाईल उघडली. चार-पाच पानं उलटली. तपकिरी रेघेपाशी क्षणभर थांबली. मग टेबलावरचं एक छापील वाढीचं कार्ड ओढलं, त्याच्या फाईलमधून सहा आकडे घेतले आणि कार्डावर सहा टिंबं दिली. दोन मिनिटांचं काम. टिंबं छापील रेघेला धरून नीट चढत गेली होती, खालच्या बाजूने, पण एकही घसरलेलं नव्हतं.

"बच्ची ठीक है," ती म्हणाली. "पतली है. आप दोनों भी पतले हैं. हाथी कहाँ से आएगा?"

"पण मॅडम, सरासरीपेक्षा—"

"औसत से नीचे आधे बच्चे होते ही हैं. आप साइंटिस्ट हैं ना?"

विश्वासने चष्मा काढून पुसला. प्रयोगशाळेत हजाराव्या भागापर्यंत अचूक मोजणारा माणूस, आणि सरासरी म्हणजे काय हे त्याला तिशीतल्या मुलीने शिकवावं लागलं. मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं, हे कबूल करते.

मग ग्रेवाल अपूर्वाकडे वळली. अपूर्वा खाटेला लागून उभी होती, एक हात वल्लरीच्या पोटावर.

"आपने खाना कब खाया?"

अपूर्वाने विश्वासकडे बघितलं. तिच्या जेवणाचं उत्तर त्याच्या फाईलमध्ये असावं तसं.

"सोती हैं?"

"ती थोडी सेन्सिटिव्ह आहे," विश्वास म्हणाला. "अतिविचार करते."

"आप बाहर बैठिए," ग्रेवाल म्हणाली. "फाईल ले जाइए."

तो गेला. मीही उठले, पण अपूर्वाने माझा पदर धरला. ग्रेवालने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली. घाई केली नाही. बाहेर बायका आपापली पोरं घेऊन ओरडत होत्या, तरी नाही. अपूर्वा हिंदीत सुरू झाली आणि दोन वाक्यांत मराठीवर आली. मी जमेल तसं हिंदी करून सांगत होते.

रात्री ती झोपत नव्हती. मुलीच्या पोटावर हात ठेवून पडायची, कारण हात काढला तर श्वास थांबेल असं तिला वाटायचं. दिवसभर एकच विचार, की आपल्याला हे जमत नाही. दुसऱ्या कुणाच्याही घरी ही मुलगी गुबगुबीत झाली असती. आंघोळ करताना रडायचं, कारण तेवढीच जागा. "संध्याकाळी सहा वाजले की मी घड्याळ बघत उभी राहते," ती म्हणाली. "सव्वासहाला माझा निकाल लागतो ना."

आणि मग, अगदी हळू, "कधी कधी वाटतं, मीच नसले तर तिला नीट आई मिळेल."

हे वाक्य मला हिंदीत सांगता येईना. ग्रेवालला त्याची गरज पडली नाही. तिने अपूर्वाचा हात धरला आणि सरळ विचारलं, की स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, काही ठरवलं आहे का. अपूर्वाने मान हलवली. ठरवलं नाही. पण वाटतं. ग्रेवाल म्हणाली, की हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, वर्षभराने सुद्धा, आणि ह्याला उपचार आहे. "आप बुरी माँ नहीं हैं. आप बीमार हैं. और बहुत थकी हुई." तिने वरच्या मजल्यावरच्या मनोविकार विभागात स्वतः फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. तोपर्यंत अपूर्वाला एकटं सोडायचं नाही, हे मला बजावलं.

वल्लरी संध्याकाळी सातच्या सुमारास जागी झाली आणि तिने असा काही टाहो फोडला, की शेजारच्या खाटेवरचा मुलगा रडायचा थांबून बघायला लागला.

सकाळी विश्वासने मला व्हरांड्यात गाठलं. "पद्मिनीताई, मुलगी आता बरी आहे. मनोविकारवाल्यांकडे कशाला? लॅबमध्ये कळलं तर? शिवाय आमच्या घराण्यात असलं काही नाही. मी आईशी बोललो, ती म्हणते, देवीचं काहीतरी राहिलं असेल."

"तुझं यंत्र बिघडलं तर तू काय करतोस?" मी विचारलं. "देवीला नवस बोलतोस?"

"ते वेगळं."

"वेगळंच आहे. यंत्राची तू काळजी घेतोस."

मी अपूर्वाला घेऊन वर गेले. विश्वास खाली मुलीजवळ राहिला. दोन तास तो एकटाच तिच्याजवळ होता, बहुतेक जन्मापासून पहिल्यांदा. आम्ही परत आलो तेव्हा त्याच्या शर्टावर दूध, डाळीचं पाणी आणि आणखी काहीतरी होतं, तपकिरी पेन्सिलच्या खात्यातलं.

वरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं, आणि नवऱ्याला बोलावून घेतलं. तीन महिने रात्री मूल तुम्ही सांभाळायचं, म्हणाले. विश्वास म्हणाला, मला सकाळी ऑफिस असतं. डॉक्टर म्हणाले, यांचं तर सुटतच नाही. त्याने पंधरा दिवसांची रजा काढली. कारण म्हणून त्याने अर्जात 'कावीळ' लिहिलं. कावीळ शास्त्रज्ञाला चालते. चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा, डोळे तारवटलेले. "ताई, लोक हे कसं करतात?" मी म्हणाले, "पेपर तपासत," आणि दार लावून घेतलं. मग पुन्हा उघडलं आणि त्याला चहा दिला.

रविवारी सुदृढ बालक स्पर्धा झालीच. असल्या गोष्टी कधी थांबत नाहीत. हॉलमध्ये टॉनिकचा फलक, मोठा काटा, आणि घाम येईपर्यंत झबली-टोप्या चढवलेली एकवीस मुलं. परीक्षकाने दोन शब्द बोलायचे असतात. मी उठले आणि माइकवर सांगितलं, की ह्या बाटलीत गुंगी आणणारं औषध आहे, ते डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलांना देऊ नका, आणि आपल्यातलं एक मूल त्यापायी मंगळवारी इस्पितळात गेलं. पुढे हेही सांगितलं, की मी आजवर एका मुलीच्या वजनावर बोलले आणि तिच्या आईकडे बघितलं नाही, तेव्हा परीक्षक म्हणून मी नालायक आहे.

देसाई उठले, कायमचं मधाळ हसू घेऊन. "पद्मिनीताई भावनाप्रधान आहेत. प्रमाणाबाहेर तर पाणीसुद्धा विष असतं. आईनेच चूक केली तर बाटलीचा काय दोष?"

"घरोघर वाटताना प्रमाण सांगितलं होतंत?" मी विचारलं.

"पद्मिनीताई, प्लीज," सुनेत्राबाई दातओठ खात कुजबुजल्या. "आज मुलांचा दिवस आहे जी."

मी खाली बसले. माझ्या जागी एका ब्रिगेडियरना परीक्षक केलं. पहिला नंबर देसाईंच्या नातवाला मिळाला. पोरगं एवढं जड होतं, की बक्षीस घेताना त्याच्या आईचा खांदा भरून आला. जाताना चार-पाच बायकांनी बाटल्या खुर्चीवर ठेवून दिल्या. बाकीच्यांनी पर्समध्ये घातल्या. फुकट मिळालेली वस्तू टाकायची जिवावर येते माणसाच्या.

बुधवारी संध्याकाळी घंटी वाजली. दारात सुनेत्राबाई. ह्या बाई माझ्या घरी आठ वर्षांत कधी आल्या नव्हत्या. कर्नलची बायको आमच्यासारख्यांच्या क्वार्टरात कशाला पाय ठेवेल? मला वाटलं, मंडळातून काढल्याचं पत्र आणलं असेल. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या, मग प्यायल्या.

"त्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं नाव काय हो? अपूर्वाला दाखवलंत ना, त्या वरच्या मजल्यावरच्या."

"कुणासाठी?"

"माझ्या बहिणीसाठी. देहूरोडला असते." त्यांनी रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता आणि तो सोडत नव्हत्या. "तिचे मिस्टर सारखे पोस्टिंगवर. मुलं होस्टेलला. तिला... म्हणजे सकाळी उठवतच नाही तिला."

देहूरोडच्या बहिणीला चंदीगडची ओपीडी कशाला, हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. कागदावर नाव, मजला आणि वार लिहून दिले. त्या निघताना म्हणाल्या, "कुणाला बोलू नका." मी बोलले नाही. आज सांगते आहे, पण कर्नल निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली.

अपूर्वा एकदम बरी झाली नाही. पहिला महिना वाईट गेला. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि तिला वाटायचं, आपण आता कायमच्या वेड्यात जमा. दर गुरुवारी मी नाही तर सदाशिव तिला सोडायला जायचो. हळूहळू ती रात्री सलग पाच तास झोपायला लागली. दिवाळीला सासूबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "किती भरलं वजन?" अपूर्वा म्हणाली, "माहीत नाही. तराजू विकून टाकला. तुम्ही घ्या तिला, मी सेक्टर बावीसला जाऊन येते, चपला घ्यायच्यात." आणि गेली, तीन तास. सासूबाईंनी पुण्याला आपल्या धाकट्या मुलाला फोन करून सून हाताबाहेर गेल्याचं कळवलं. विश्वास शेजारच्या खोलीत वल्लरीची चड्डी बदलत होता. त्याने ऐकलं आणि काही बोलला नाही. आईच्या बाजूने नाही, बायकोच्या बाजूनेही नाही. एवढी सुधारणा त्याच्यात झाली, ह्याहून जास्त मी कधी बघितली नाही.

त्याच डिसेंबरात, दुपारी उन्हाला, अपूर्वा मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. मी जेवणाच्या टेबलावर दहावी 'ब'च्या सहामाहीचे पेपर पसरून बसले होते. तिने दिवाणावर टेकून जरा पाय लांब केले आणि बोलता बोलता, वाक्य अर्धं टाकून, झोपली. तोंड उघडं. वल्लरी टेबलाशी आली, लाल पेन उचललं, आणि माझ्याकडे बघत बघत पचनसंस्थेच्या अकरा आकृत्यांवर गिरगटून ठेवलं. एरवी मी फटका दिला असता. मी तिला उचलून मांडीवर घेतलं, कोरा कागद पुढ्यात सरकवला आणि ओठांवर बोट ठेवलं. ती चार वाजेपर्यंत रेघोट्या ओढत बसली. अपूर्वा सव्वाचारला उठली.